पिंजऱ्यात उरलेलं खाणं

१२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच वाक्य: "जिवंत असशील तर कळव." फोनवर मी नुसती 'हो, हं, जेवले' एवढंच बोलते म्हणून पत्रंच लिहायची, हा नियम तुझा. मी मोडला, चूक कबूल. जिवंत आहे, आणि आज सांगण्यासारखं काहीतरी आहे.

गेलं सव्वा वर्ष मी या लॅबमध्ये नेमकं काय करते, ते मला घरी नीट सांगता आलेलं नाही. बाबा लोकांना सांगतात, 'औषधं बनवते.' आई सांगते, 'उंदीर सांभाळते.' आईचं जास्त खरं आहे. रोज सकाळी कोट, टोपी, हातमोजे घालून उंदीरघरात जायचं. प्रत्येक पिंजऱ्यात आदल्या दिवशीचं जे खाणं उरलं असेल ते काढून त्याचं वजन करायचं, नवं खाणं वजन करून घालायचं, मग एकेक उंदीर तराजूवर. आकडे संगणकात भरायचे. निम्म्या पिंजऱ्यांत साधं खाणं, निम्म्यांत सरांनी एका झाडाच्या सालीपासून काढलेली भुकटी मिसळलेलं खाणं. प्रयोग मी यायच्या आधीपासून चालू आहे. भुकटी खाणारे जास्त जगतात का, एवढाच प्रश्न.

काल साध्या खाण्यावरचा शेवटचा उंदीर गेला. भुकटीवाले बरेचजण अजून मजेत फिरतायत.

सरांनी स्वतः सगळ्यांना चहा आणून दिला. मला म्हणाले, "हे तुझ्या हातांनी झालंय." आत्या, एवढा मोठा माणूस, जगभर व्याख्यानं देतो, आणि माझ्यासाठी कप धरून उभा होता. आता यावर लेख छापला जाईल आणि त्यात माझंही नाव असेल. आपल्या घरातलं नाव आजवर फक्त वीजबिलावर छापून आलंय.

तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? ऑपरेशनची तारीख मिळाली का? कार्डावर पत्ता लिहिताना तू ओळी सोडून खाली घसरली होतीस. हातात कात्री असते तुझ्या, हे लक्षात ठेव. टाळू नकोस.

तुझी शहाणी


२४ फेब्रुवारी

शहाणे,

पत्र वहिनीने वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा 'नाव असेल' इथे आली तसा दादा उठला आणि बाहेर जाऊन सायकल पुसायला लागला. ती सायकल पुसायची वेळ नव्हती. तुझा बाप आहे, असाच करणार.

मी ते पत्र पार्लरमध्ये मोठ्या आरशाला चिकटवलंय. केस कापून घेताना बायकांना दुसरं बघायला काय असतं? आपापलं तोंड. त्यापेक्षा हे बरं. सगळ्या वाचतात. आणि पुढचं ऐक. मागच्या आठवड्यात एक टायवाला आला. कंपनीचा माणूस. चकचकीत सोनेरी डबे घेऊन. म्हातारपण मागे ढकलायच्या कॅप्सूल. मी त्याला हाकलणारच होते, तेवढ्यात डब्यावरचा फोटो पाहिला. तुझे सर. तू पाठवलेल्या लॅबच्या फोटोत मधोमध उभे आहेत तेच. मी त्याला आरशावरचं पत्र दाखवलं. तो उभ्याउभ्याच वाचत राहिला. म्हणाला, "ताई, असा पुरावा तर आमच्याकडेही नाही." आता काउंटरवर डबे आहेत. शेजारच्या मास्तरीणबाईंनी पहिला नेला. त्या निवृत्त झाल्यापासून कुणाचं ऐकत नाहीत, पण छापील कागदाचं ऐकतात.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मी दवाखान्यात कळवून टाकलं, सहा महिने थांबते. कॅप्सूलसोबतच्या कागदावर लिहिलंय, पेशी पुन्हा तरुण होतात. मी टायवाल्याला विचारलं, डोळ्याच्या पण? तो म्हणाला, "ताई, डोळा म्हणजे तरी काय, पेशीच." तुला माहितेय मला डोळ्याजवळ बोट आलेलं सहन होत नाही, सुरी तर लांबच. घरच्या पोरीच्या हाताखालून आलेलं औषध असताना मी कशाला कापून घेऊ? आठ दिवस झाले घेतेय. सकाळी जरा उजळ वाटतं.

एक मात्र सांग तुझ्या सरांना. डब्यात एक कॅप्सूल फुटली होती. मला सवय, नवीन काही आलं की जिभेला लावून बघायची. संध्याकाळपर्यंत तोंड कडू. साखर घाला म्हणावं थोडी.

आत्या


३ मार्च

आत्या,

आधी ते पत्र आरशावरून काढ. मग पुढचं वाच, किंवा आईला वाचायला सांग.

मला माहीत नव्हतं. खरंच. कंपनी आहे, डबे आहेत, डब्यावर सर आहेत, यातलं काहीही. तुझं पत्र घेऊन मी बोक्याकडे गेले. बोका म्हणजे माझा सीनियर. इतकी वर्षं उंदरांवर काम करतोय म्हणून हे नाव पडलंय, त्यालाही चालतं. तो हसला. म्हणाला, "तू बातम्या बघत नाहीस का? सर त्या कंपनीचे सल्लागार आहेत. आणि निम्मी कंपनी मॅडमच्या नावावर आहे." मॅडम म्हणजे सरांच्या बायको. मी विचारलं, मग हे लेखात लिहायचं असतं ना? प्रत्येक लेखाच्या शेवटी ओळ असते, कुणाचा या मालात पैशाचा संबंध आहे की नाही. बोका म्हणाला, "सरांचा कुठे आहे? मॅडमचा आहे. मॅडम थोड्याच लेख लिहितात?"

हे एक झालं. दुसरं तुझ्यामुळे कळलं. तू म्हणालीस, कडू. मी दुसऱ्या दिवशी भुकटीच्या खाण्याचा एक कण जिभेला लावला. नियमात बसत नाही, पण लावला. जेवणापर्यंत चव गेली नाही. मग मी रोज उरलेल्या खाण्याची जी वजनं भरते, ती सगळी एकाखाली एक लावून पाहिली. आत्या, भुकटीवाले उंदीर मी आल्यापासून खाणं उरवतायत. रोज. कडू लागतं म्हणून पोटभर खातच नाहीत. हे आकडे मीच भरत होते आणि एकदाही शेजारीशेजारी ठेवून पाहिले नव्हते.

आता हे नीट समजून घे. उंदराला थोडं उपाशी ठेवलं की तो जास्त जगतो, हे आमच्या विषयात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणजे आमचे उंदीर भुकटीमुळे जगले की अर्धपोटी राहिल्यामुळे, हे कुणालाच माहीत नाही. ते कळायचं तर तिसरे पिंजरे हवेत: भुकटी नाही, पण खाणं तेवढंच कमी. ते केलेच नाहीत. आणि तू तर ती भुकटी कॅप्सूलमध्ये घालून पाण्याबरोबर गिळतेस. जिभेला कडू लागतच नाही. तू पोटभर जेवतेस. मग तुला त्यातून मिळालं काय?

डोळ्याशी तर याचा दूरदूरचा संबंध नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. उंदराचे डोळे आम्ही बघितलेसुद्धा नाहीत. दवाखान्यात जा आणि तारीख पुन्हा घे.

तुझी शहाणी


१४ मार्च

शहाणे,

तुझं पत्र वाचता वाचता वहिनीला धाप लागली. मला समजलं ते असं: उंदीर जास्त जगले, पण तुला ते आवडलं नाही.

रागावू नकोस. पण कमी खाऊन का होईना, जगले ना? मग औषध चाललंच की. गिळून कडू लागत नसेल तर मी बायकांना सांगते, फोडून चाटा. मास्तरीणबाई चाटतील, त्यांची तयारी आहे.

पत्र काढलं नाही. का काढू? त्यात खोटं काय आहे? तूच लिहिलंस.

आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तुला शिकवायचं ठरलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, पोरीला एवढं शिकवून काय करायचं. मी म्हटलं, आपल्याला काही कळत नाही, जे शिकलेत त्यांना कळतं, आपल्यातलं एक तरी तिकडे जाऊ दे. आता तू तिकडे गेलीस. तिकडचा सगळ्यात शिकलेला माणूस म्हणतो, औषध चांगलं आहे. तू अजून शिकतेयस. मी कुणाचं ऐकू? तुझ्यापेक्षा तुझ्या सरांच्या नावापुढे अक्षरं किती जास्त आहेत, ती तरी मोज.

त्यांना यात चार पैसे सुटतात म्हणतेस. मलाही डब्यामागे सुटतं. डायमागे सुटतं, तेलामागे सुटतं. सुटतं म्हणून माल खोटा होत नाही.

डोळा बरा आहे. परवा एका बाईला तपकिरीऐवजी काळा डाय लागला, पण ती बाटल्यांची चूक. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

आत्या


२१ मार्च

आत्या,

त्या बाटल्या सारख्या दिसत नाहीत. मी लहानपणापासून पुसत आलेय त्या. एकीचं झाकण लाल आहे, दुसरीचं पांढरं. तू ते बघूच शकली नाहीस.

सुटण्याबद्दल. कमावण्यात काही पाप नाही. पण परीक्षेचा पेपर काढणारा, तपासणारा आणि गाईड विकणारा एकच माणूस असेल, आणि पोरांना ते कुणी सांगितलंच नसेल, तर त्या निकालाला काय अर्थ? तू डाय विकतेस तेव्हा बाईला माहीत असतं की तू विकतेयस. आणि तरीही तू आधी कानामागे ठिपका लावतेस आणि दोन दिवस थांबवतेस. घाईची गिऱ्हाइकं तू परत पाठवलेली मी पाहिलीयत. मग याचा ठिपका कुठे लावला गेला?

मी सरांकडे गेले होते. वजनं घेऊन. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "छान निरीक्षण आहे. पुढच्या लेखात घेऊ."

मी म्हटलं, "सर, याच लेखात नको का? तिसरे पिंजरे लावल्याशिवाय आपल्याला सांगताच येत नाही."

"तिसरे पिंजरे म्हणजे आणखी तीन वर्षं. तोवर कोण थांबणार?"

म्हातारपण लांबवायचं औषध आहे, आत्या, आणि तीन वर्षं थांबायला कुणाला वेळ नाही.

मग मी मॅडमच्या हिश्शाचं विचारलं. सर म्हणाले, "बाळ, नियम नीट वाच. लेखकाचं स्वतःचं विचारलंय. आपण एकही नियम मोडलेला नाही." आणि एक कागद पुढे सरकवला. सगळ्या लेखकांनी सही करायची, की या कामात कुणाचा पैशाचा संबंध नाही आणि सगळी माहिती पूर्ण दिली आहे. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. बोक्याची पण. मी म्हटलं, वाचून देते. तो कागद माझ्या टेबलावर आहे. सही केली नाही तर नाव जाईल, कदाचित जागाही. केली तर तुझ्या काउंटरवरच्या प्रत्येक डब्यावर माझी सही असल्यासारखं होईल.

सर मला म्हणतात, तू अजून लहान आहेस. तू म्हणतेस, तू अजून शिकतेयस. मी दोन्हीकडे भिंतीशी बोलतेय. निदान तू तरी भिंत होऊ नकोस. ऑपरेशन करून घे.

तुझी शहाणी


२ एप्रिल

माननीय सर यांस,

आपण मला ओळखत नाही. तुमच्या लॅबमध्ये उंदरांची वजनं करणारी जी मुलगी आहे, तिची मी आत्या. माझं केसांचं पार्लर आहे. तुमच्या कॅप्सूल मी विकते आणि स्वतः घेते. हे पत्र मुलीच्या आईकडून लिहून घेतलंय, अक्षराला हसू नये.

पहिलं म्हणजे, मुलीला सांभाळून घ्या. आमच्या घरातली पहिली शिकलेली. हाताला प्रामाणिक आहे पण डोक्यात काही शिरलं की सोडत नाही. सध्या तिच्या डोक्यात असं शिरलंय की उंदरांना तुमची भुकटी कडू लागते म्हणून ते खात नाहीत, उपाशी राहून जगतात, आणि औषधाचा काही उपयोग नाही. तुमच्या मिसेसच्या कंपनीबद्दल पण काहीतरी म्हणते. मला ते पत्रातून लिहिते, मी तिला दटावलं आहे. तुम्हीही मोठ्या मनाने समजवा. लेखातून नाव काढू नका तिचं.

दुसरं. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची तारीख मी तुमच्या औषधावर भरवसा ठेवून रद्द केली. भाची म्हणते, मूर्खपणा केलास. तुम्ही सगळ्यात जास्त शिकलेले, औषध तुमचंच. म्हणून तुम्हालाच सरळ विचारते. कॅप्सूलने माझा मोतीबिंदू जाईल का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. तुम्ही हो म्हणालात तर मी निश्चिंत होईन.

आपली नम्र,
मुलीची आत्या


१५ एप्रिल

प्रिय ग्राहक,

आपल्या पत्राबद्दल आणि आमच्या उत्पादनावरील विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्यासारख्या जागरूक व्यक्तींमुळेच आमच्या कार्याला बळ मिळते.

व्यक्तिगत वैद्यकीय प्रश्नांवर अभिप्राय देणे आम्हाला शक्य नाही. सदर उत्पादन कोणत्याही आजाराचे निदान, उपचार अथवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. नेत्रविषयक तक्रारींसाठी कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परिणाम व्यक्तीनुसार भिन्न असू शकतात.

सोबत एक डबा सप्रेम भेट.

(खाली सरांची सही)


१८ एप्रिल

आत्या,

काल सरांनी बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं, आईच्या अक्षरात. मला वाटलं, घरी काही झालं. मग त्यांनी ते माझ्याकडे फिरवलं.

मी पूर्ण वाचलं. 'मी तिला दटावलं आहे' सकट. 'मिसेसच्या कंपनीबद्दल' सकट.

सर म्हणाले, "लॅबमधल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, हे रुजू होताना तू वाचून सही केली होतीस." नियम त्यांना तोंडपाठ असतात. "तुझा हेतू चांगला असेल. पण संघात विश्वास लागतो." महिनाअखेरीला माझी जागा संपते. लेखातून नाव काढलंय. आभाराच्या यादीत ठेवतो म्हणाले, 'प्राण्यांची देखभाल' म्हणून. मी सांगितलं, तिथूनही काढा. त्या लेखात मला कुठेच राहायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि फोन उचलला. तो विनासहीचा कागद मी परत नेऊन दिला, तो त्यांनी न बघता कपाटात टाकला.

बोका जिन्यात भेटला. "सही करून टाकली असतीस," म्हणाला. "मला दोन पोरं आहेत," असंही म्हणाला, मी न विचारता.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तू माझं नाव राहावं म्हणून लिहिलंस हे मला कळतं. कळून काय करू? त्यांना मी वजनं दाखवली तेव्हा 'छान निरीक्षण' होतं. तेच तुझ्याकडून आलं तेव्हा 'बाहेर गेलं'. त्यांना चूक असण्याची भीती नव्हती, ती कळण्याची होती.

डोळ्याबद्दल काही लिहीत नाही. इतके दिवस लिहून उपयोग झाला नाही.

शहाणी


२९ एप्रिल

शहाणे,

तुझं पत्र यायच्या आधी सरांचं आलं होतं. दोन्ही एकापाठोपाठ वाचून घेतली. वहिनी तुझं वाचताना मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग पाणी पिऊन पुढे वाचलं.

मी माफी मागायला लिहीत नाहीये. माझ्या हातून जे झालं ते माफीने भरून निघत नाही. तुझी इतक्या वर्षांची मेहनत मी एका पानात घालवली, आणि वर त्यांना म्हटलं, सांभाळून घ्या.

सरांचं पत्र मी दादाकडूनही वाचून घेतलं. दादा म्हणाला, "यात उत्तर कुठे आहे?" मी म्हटलं, तेच शोधतेय. आयुष्यभर दुकान चालवलंय मी. कंपनीचा माणूस तोंडाने म्हणतो, या तेलाने टकलावर केस येतात. मी म्हणते, लिहून दे. तो हसतो आणि दुसरा माल दाखवतो. तेव्हाच मला कळतं. तुझ्या सरांचं बोलणं मी फोनवर ऐकलंय, मास्तरीणबाई त्यांचे व्हिडिओ लावतात. पेशी, तारुण्य, शंभर वर्षं, सगळं खणखणीत. तोच माणूस खाली सही करायची वेळ आली की म्हणतो, डॉक्टरांना विचारा. मी हो किंवा नाही एवढंच मागितलं होतं. नाही लिहिलं असतं तरी मी त्यांना मानलं असतं.

मग मला आठवलं, तू मात्र प्रत्येक पत्रात लिहून दिलंयस. नाही, उपयोग नाही, ऑपरेशन कर. सहीसकट.

तू शिकलीस म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरले, आणि शिकून तू काय म्हणतेस तेच ऐकलं नाही.

डबे कंपनीला परत केले. टायवाला म्हणाला, "ताई, सर्वात जास्त खप तुमच्याकडचा होता." पत्र आरशावरून काढलंय. तारीख पुढच्या महिन्याच्या मध्याची मिळाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दरम्यान मोतीबिंदू पिकलाय, आता जरा जास्त वेळ लागेल, पण होईल. मला भीती वाटते. हे तुला सांगते, दादाला सांगू नकोस.

आत्या


६ मे

आत्या,

भीती वाटणारच. डोळा सुन्न करतात, सुरी दिसत नाही. मी येतेय. आदल्या दिवशी पोचते. इथलं सामान फारसं नाही, एका पेटीत बसलं. उंदीरघरातून निघताना शेवटचं खाणं मीच घातलं. भुकटीवाल्यांनी नेहमीसारखं उरवलं असणार. बघायला मी नव्हते.

ज्या मासिकात लेख छापून येणार आहे त्यांना मी कळवलंय, वजनांचं आणि मॅडमच्या हिश्शाचं, दोन्ही. त्यांचं उत्तर आलं: मुद्द्याची नोंद घेतली आहे, लेखकांकडून खुलासा मागवला जाईल. म्हणजे सरांनाच विचारणार. आणखी दोन लॅबमध्ये अर्ज केले. एकीकडे विचारलं, आधीची जागा का सोडली? मी खरं सांगितलं. पुढे काही कळवलं नाही त्यांनी. दुसरीकडे काय सांगायचं ते ठरवायचंय. ठरवायचं काय, खरंच सांगेन. पण प्रत्येक वेळी दार बंद होताना बघायचा कंटाळा आलाय.

तू ऑपरेशनच्या आधी शिंकू नकोस, खोकलू नकोस, आणि डॉक्टरीणबाईंना अक्कल शिकवू नकोस.

तुझी शहाणी


१० जून

शहाणे,

तू मुलाखतीसाठी परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी डोळ्यावरची हिरवी पट्टी कायमची निघाली. थेंब चालू आहेत. हे पत्र मी स्वतः लिहिलंय, ओळीवर. वहिनीला दाखवलं तर म्हणाली, आता माझं काम गेलं.

सगळ्यात आधी मी पार्लरमध्ये गेले आणि आरशात पाहिलं. शहाणे, मी म्हातारी झालेय. नुसती नाही, चांगलीच. डोळ्यांच्या कडेला, ओठांवर, गळ्याला तर विचारू नकोस. मला कुणीच सांगितलं नाही. मला वाटत होतं मी पन्नाशीत होते तशीच आहे. इतके दिवस मोतीबिंदूनेच मला तरुण ठेवलं होतं, फुकटात. आणि सरांनी भेट पाठवलेला तो डबा होता, तोही नीट पाहिला. फोटोत त्यांच्या केसांना डाय आहे. मुळाशी बोटभर पांढरं. माझ्याकडे आले असते तर असं दिसू दिलं नसतं.

आरसा पुसला. कोपऱ्यात किती डाग होते, देव जाणे. बाटल्यांची झाकणं लाल आणि पांढरी आहेत, तू म्हणालीस तशी. तपकिरीचा काळा झालेली बाई भेटली, तिची माफी मागितली. ती म्हणाली, काळा बरा दिसतो.

आता वाईट बातमी. तुमचा तो लेख आलाय. मास्तरीणबाईंनी फोनवर दाखवला, बातमीत सरांचा मोठा फोटो. लेखाच्या शेवटी पैशाच्या संबंधाची ओळ आहे का, ते त्यांना शोधायला लावलं. सापडली. 'कोणाचाही संबंध नाही.' मी म्हटलं, माझ्या भाचीने त्यांना कळवलं होतं. त्या म्हणाल्या, तरी छापलंच की, म्हणजे खरंच असणार. मग मला विचारलं, डबे का ठेवत नाहीस आता? मी म्हटलं, ठेवणार नाही. "हरकत नाही," म्हणाल्या, "समोरच्या मेडिकलमध्ये मिळतात." खरंच मिळतात. काचेत ओळीने लावलेत. मी बंद केले म्हणून खप एका डब्यानेही कमी झालेला नाही. टायवाला रस्त्यात भेटला तर मला नमस्कार करतो.

दोन रात्री मला याचाच राग आला. तू तिकडे दारं ठोठावतेस, मी इकडे डबे परत करते, आणि मेडिकलवाला काच पुसतो.

मग शनिवारी मास्तरीणबाई केस धुवायला आल्या. मी त्यांची मान बेसिनच्या खाचेत ठेवली, पाणी सोडलं आणि सुरुवात केली. कडू भुकटी, उरलेलं खाणं, तिसरे पिंजरे जे लावलेच नाहीत, निम्मी कंपनी कुणाच्या नावावर. तू लिहिलंस तसंच, माझ्या भाषेत. मध्ये त्या म्हणाल्या, "पण सर तर म्हणतात..." मी म्हटलं, सरांना लिहून विचारा, मी विचारलं होतं, आणि त्यांचं उत्तर दाखवते, आधी साबण निघू दे. केस पुसून झाल्यावर ते सहीचं पत्र त्यांनी हातात घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. मेडिकलमध्ये गेल्या की घरी गेल्या, मी बघितलं नाही. आता दिसतं, तरी बघितलं नाही.

आज तिघींचं डोकं धुवायचंय. उद्या दोघी. तू दुसऱ्या लॅबमध्ये काय बोलायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही, आणि पत्र तर कुणालाच लिहिणार नाही. पण इथलं माझ्याकडे राहू दे. डोकं बेसिनमध्ये असलं की माणूस उठून जात नाही.

आत्या